आठांची यादी आणि दहा डॉलरचा नकाशा

मागचे दोन वीकांत हापिसाने खाल्ले, या वेळी मात्र ठरवून बसलोय. विषय जरा वेगळा आहे: तिकीट काढून आत गेल्यावर पुन्हा वेगळे पैसे मोजून 'शोधा म्हणजे सापडेल' खेळायचं का?

अमेरिकेत फ्लोरिडाला डिस्नेचं एपकॉट नावाचं उद्यान आहे. त्यात तळ्याभोवती अकरा देशांचे देखावे मांडलेत, सगळी फेरी दोनेक किलोमीटरची. गेली काही वर्षं ईस्टरच्या सुमारास तिथे डिस्नेच्या पात्रांसारखी रंगवलेली मोठी अंडी ठिकठिकाणी दडवून ठेवतात. दुकानातून नकाशा आणि स्टिकर विकत घ्यायचे (दहा डॉलरच्या आसपास), अंडं दिसलं की त्या देशावर स्टिकर चिकटवायचा, आणि शेवटी नकाशा दाखवून एक छोटं प्लॅस्टिकचं अंडं घरी न्यायचं. गंमत म्हणजे सगळी अंडी सापडली नाहीत तरी बक्षीस मिळतं. आणि अंडी बघायला नकाशा लागतच नाही, ती उघड्यावरच असतात! मग पैसे नेमके कशाचे?

न्यू जर्सीतल्या ताईने हे मला फोनवर विचारलं. तिची दोन पोरं, एकेकाचं प्रवेशाचं तिकीटच शंभर डॉलरच्या वर, त्यात हे आणखी वीस. हापिसातल्या मंडळींना विचारलं तर एकमताने 'लुटतात रे' असा निकाल आला. मला तो घाईचा वाटला. पैसे घेऊन लोकांना शोधायला लावायचा धंदा डिस्नेने काढलेला नाही, तो बराच जुना आहे, आणि त्यात लुटायच्या तऱ्हाही वेगवेगळ्या आहेत.

आमच्या पिढीला माहीत असलेली तऱ्हा म्हणजे गोल्ड स्पॉट. ८० च्या दशकात त्या बाटलीच्या झाकणाच्या आत 'जंगल बुक'मधली चित्रं यायची. यवतमाळात रोज कोल्ड्रिंक पिणारं पोरगं विरळाच. मग आम्ही काय करायचो? तर पानठेल्यापुढच्या मातीतून लोकांनी टाकलेली झाकणं वेचायचो. एकच चित्र पाच-पाचदा मिळायचं आणि हवं ते कधीच नाही. तेव्हा वाटायचं दुकानदार मुद्दाम करतो. पुढे इंजिनिअरिंगला संभाव्यता शिकताना कळलं की दुकानदार बिचारा निर्दोष होता. समजा दहा चित्रं आहेत आणि प्रत्येक यायची शक्यता सारखी आहे. संच पूर्ण व्हायला सरासरी २९ बाटल्या लागतात. पहिली नऊ चित्रं साधारण १९ बाटल्यांत येतात, आणि उरलेलं एकटं चित्र दहा बाटल्या पिऊन टाकतं. चित्रं तीस केली तर सरासरी जवळजवळ १२० वर जाते. कंपनीला कुठलंही चित्र मुद्दाम कमी छापायची गरजच नाही, गणितच तिच्या बाजूने आहे. यावर पोरांनी शोधलेला एकच उतारा म्हणजे अदलाबदल. तुझा बल्लू, माझा शेरखान. (१९९३ मध्ये पार्लेने गोल्ड स्पॉट, थम्स अप, लिम्का वगैरे कोकाकोलाला विकले आणि पुढे गोल्ड स्पॉट बाजारातूनच गेलं. अर्धवट संच अर्धवटच राहिले.)

दुसरी तऱ्हा साहेबाच्या देशातली. १९७९ साली किट विल्यम्स नावाच्या चित्रकाराने 'मास्करेड' हे चित्रांचं पुस्तक काढलं. त्याने स्वतः घडवलेला सोन्याचा ससा इंग्लंडात कुठेतरी पुरून ठेवला होता आणि तो कुठे आहे ते पुस्तकातल्या चित्रांत दडवलं होतं. पुस्तक घ्या, कोडं सोडवा, ससा तुमचा. प्रती लाखांनी खपल्या. लोकांनी कुदळी-फावडी घेऊन परक्यांच्या जमिनी उकरल्या. १९८२ मध्ये ससा सापडला तो बेडफर्डशरमधल्या अँपथिल इथल्या बागेत. खरं उत्तर काढणारे दोन भौतिकशास्त्राचे शिक्षक थोडक्यात मागे राहिले, आणि ससा नेला खोटं नाव लावलेल्या एका माणसाने. त्याला जागेचा अंदाज चित्रकाराच्या जुन्या मैत्रिणीकडून, ओळखीओळखीतून लागला होता, हे १९८८ साली वर्तमानपत्राने उघडकीला आणलं. त्याच वर्षी लिलावात ससा ३१,९०० पौंडांना गेला. म्हणजे पैसे लाखो लोकांनी दिले, बक्षीस एकच, आणि तेही वशिल्याने! यापुढे डिस्नेचं प्लॅस्टिकचं अंडं मला फार प्रामाणिक वाटतं.

आता गंमत बघा. याच १९७९ साली आपल्याकडे राजदत्त यांचा 'अष्टविनायक' चित्रपट आला. नायक सचिन, आणि एका भूमिकेत पंडित वसंतराव देशपांडे. (वसंतराव जन्माने मूर्तिजापूरचे. यवतमाळहून शकुंतला रेल्वेत बसलं की ती जिथे नेऊन सोडायची, ते मूर्तिजापूर. त्यामुळे आमच्याकडे त्यांच्यावर जरा जास्तच हक्क सांगतात.) त्यातलं आठ गणपतींचं गाणं गावोगावी वाजलं आणि अष्टविनायकाची यात्रा घराघरात पोचली. मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव ही देवळं आधीपासून होतीच, यात्रेची प्रथाही जुनीच. पण शाळकरी पोरालासुद्धा आठही नावं तोंडपाठ झाली ती या सिनेमानंतर. म्हणजे नकाशा घरोघरी वाटला तो सिनेमाने.

माझ्यातल्या प्रोग्रामरला इथे क्रमाचा किडा चावतो. शास्त्राप्रमाणे मोरगावहून निघायचं, वर दिलेल्या क्रमाने जायचं आणि परत मोरगावला येऊन यात्रा संपवायची. सुरुवात मोरगावहून पक्की धरली तरी उरलेली सात ठिकाणं ५,०४० प्रकारे घेता येतात, त्यातला शास्त्राने एकच निवडलाय. त्यात सिद्धटेकहून थेट घाट उतरून पालीला जायचं आणि मग पुन्हा वर थेऊरला यायचं. गाण्यातला क्रम निराळा आहे. तो घाटावरची सहा आधी घेतो आणि महड-पाली शेवटी. ट्रॅव्हल्सवाले तर तिसरंच काहीतरी करतात, दोन दिवस आणि एक मुक्काम यात बसेल ते. देवाला चालत असावं.

पण यवतमाळच्या माणसाला या यादीची एक अडचण आहे. आठांपैकी पाच पुणे जिल्ह्यात, दोन रायगडमध्ये, एक अहिल्यानगरमध्ये. आम्ही पुण्यापासून सहाशे किलोमीटरच्या आसपास. आठ देव बघायचे तर आधी एक रात्र गाडीत काढायची. आणि म्हणूनच की काय, विदर्भाची स्वतःची आठांची यादी आहे: नागपूरचा टेकडी गणपती, अदासाचा शमी विघ्नेश, रामटेकचा अठराभुजा, भंडाऱ्याच्या मेंढ्याचा भृशुंड, पवनीचा पंचानन, केळझरचा सिद्धिविनायक, भद्रावतीचा वरदविनायक आणि आमच्या कळंबचा चिंतामणी.

कळंब यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याने वीस-बावीस किलोमीटरवर, चक्रवती नदीकाठी. बहुतेक देवळांत आपण पायऱ्या चढून जातो, इथे उतरून जायचं. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे आणि तिथे कुंड आहे. साधारण बारा वर्षांनी त्यात गंगा प्रकटते आणि पाणी चिंतामणीच्या पायाला लागेपर्यंत चढतं, अशी श्रद्धा. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने इथे तप केलं, ही त्यामागची कथा. भर उन्हाळ्यात वरच्या रस्त्यावर डोकं भाजत असतं आणि खाली उतरलं की पायाला गार फरशी लागते. लहानपणी मला देवापेक्षा ती फरशीच आवडायची, खरं सांगतो.

कोणी म्हणेल, तुमची यादी म्हणजे पुण्याच्या यादीची नक्कल. पुण्यात आल्यावर मला एकाने अगदी तोंडावर सांगितलं, 'ते खरे अष्टविनायक नव्हेत.' हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'काहून रे बापा, कळंबचा गणपती काय सिनेमा पाहून बसला का तिथं?' मुद्दा बिनतोड आहे. देऊळ यादीमुळे उभं राहत नाही. यादीमुळे एवढंच होतं की भद्रावतीचा माणूस कळंबला येतो आणि कळंबचा माणूस अदासाला जातो. एरवी अदासाला जायचं यवतमाळच्या बाईला कारण काय? नागपूरला जायचं ते दवाखान्याला नाहीतर लग्नाच्या खरेदीला. आईने केळझर पाहिलं ते या यादीमुळे, आणि तिथे गेल्यावर भीमाने बकासुर मारला तो याच गावात असं ऐकून दोन तास रमली.

तर माझ्या हिशोबाने विकतच्या शोधाची परीक्षा बक्षिसावरून घेऊ नये. बक्षीस कुठेच परवडत नाही. झाकणातलं चित्र नाही, प्लॅस्टिकचं अंडं नाही, सोन्याचा ससा तर नाहीच. बघायचं ते हे, की यादी तुम्हाला जिथे एरवी गेला नसता तिथे नेते का, आणि शेवटचा एक आकडा गाठणं तुमच्या पायात आहे की नशिबात. झाकणं दोन्हीत नापास: त्याच दुकानापुढे तीच बाटली. ससा शोधायला लोक हिंडले खरे, पण नजर सगळी जमिनीकडे. एपकॉटचा नकाशा इथे बऱ्यापैकी पास होतो. आठ-दहा वर्षांचं पोरगं झोपाळ्यांच्या रांगेतून उठून मोरोक्कोच्या नक्षीकडे आपणहून बघणार नाही, अंडं दडलंय म्हटलं की कोपरा न् कोपरा बघेल. मुंबईचं एस्सेलवर्ल्ड (१९८९ साली सुरू, २०२२ मध्ये बंद) मी कॉलेजच्या सहलीत पाहिलं, तेव्हा आम्ही चार पाळण्यांच्या रांगांत दिवस घालवला. बाकी तिथे काय होतं हे मला आजही सांगता येणार नाही.

पण पालकांनी एक खर्च धरायलाच हवा, तो म्हणजे वेळ. शंभर डॉलरचं तिकीट बारा तासांत वाटलं तर तास आठ डॉलरांहून महाग पडतो. अंडी शोधण्यात दोन तास गेले तर खरा खर्च दहा नाही, सव्वीस डॉलर. पोरं पाळण्यांना कंटाळली असतील, रांगा लांब असतील, तर हे सव्वीस स्वस्त. पोरांना अजून पाळण्यांतच बसायचं असेल तर नकाशा फुकट मिळाला तरी महाग. ताईला मी हेच सांगितलं, आणि वर सुचवलं की दोघांत एकच नकाशा घे. दोन घेतले तर दोघं दोन दिशांना पळतील. एकात भांडतील, पण बरोबर राहतील.

बिनपैशांची सोयही असते म्हणा. यवतमाळला नवरात्रात रात्री निघायचं आणि एकेक मंडळाची देवी बघत चौकाचौकांतून फिरायचं. तिकीट नाही, स्टिकर नाही, कुठली राहिली हे दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू सांगतात. मात्र पायात दम पाहिजे, आणि गर्दीत धाकट्याचा हात सुटता कामा नये.

आईचे आता सात झालेत. पवनी राहिलंय. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं पुढे ढकलतेय. गाडी करून एका दिवसात आणतो म्हटलं, तर म्हणाली, घाई कशाची आहे, थंडी पडू दे, वाटेत भंडाऱ्याला मेंढ्याचा पुन्हा एकदा पाहू.