खालचा स्वर

भिगवणनंतर आगगाडी भीमा नदी ओलांडते आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात शिरते. तेथून कुर्डुवाडीकडे जाताना जेऊर लागते. पुण्याहून निघालेला हा लोहमार्ग १८६० साली सोलापुरास पोहोचला आणि त्याच्या पाठोपाठ रेल्वेची नोकरी करणारी गोवेकर व अँग्लो-इंडियन कॅथलिक कुटुंबे दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर अशा ठिकाणी विखुरली. जेऊरसारख्या लहान स्थानकाच्या वाट्याला त्यांतील एखाददुसरेच घर आले. अशाच एका घरी मी काही वर्षे मिस्सा अर्पण करावयास जात असे. घरातील वृद्ध गृहस्थ साहाय्यक स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या देव्हाऱ्यातील फळीवर, पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी, लाकडाची एक कमानदार, नक्षीसारखी कोरलेली वस्तू ठेवलेली असे. ती एखाद्या जुन्या वेदीचा अवशेष असावी, अशी माझी समजूत होती. तीनचार भेटींनंतर मी विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, ''फादर, ती माझ्या रबेकांवाची घोडी आहे. रबेकांव गेला, घोडी राहिली.''

रबेकांव म्हणजे पोर्तुगीज भाषेतील 'राबेकांव', इंग्रजीत ज्यास डबल बास म्हणतात ते माणसाहूनही उंच असे तंतुवाद्य. आकाराने व्हायोलिनचा आजोबाच. आजच्या गिटारवृंदातील चार तारांची बास गिटार ही त्याचीच वारसदार. दोहोंच्या तारा एकाच पट्टीत लागतात आणि सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ४१ कंपने करते. गायकाचा आवाज जेथे संपतो त्याच्याही पुष्कळ खाली हा स्वर वावरतो. त्यामुळे तो ऐकू येण्यापेक्षा अधिक जाणवतो, आणि बहुतेक श्रोत्यांना तो थांबल्यावरच होता हे कळते.

आपल्या संगीतात खालच्या स्वराचे काम तंबोऱ्याचा खर्ज करतो. पण खर्ज जागचा हलत नाही. गायक वर कितीही भराऱ्या मारो, खाली भुई तीच. पाश्चात्त्य संगीतात मात्र ही भुईच चालू लागते. वर सा-ग-प असे तीन स्वर एकत्र वाजत असताना खाली षड्ज धरला तर एक भाव उमटतो. वरचे काही न बदलता खाली धैवत धरला की त्याच तीन स्वरांवर उदासीची छाया पडते. म्हणजे वर गाणाऱ्याने काय गायिले याचा अर्थ खाली उभा असलेला ठरवितो. योहान सेबास्टियन बाखच्या काळात तर संगीतलेखक पुष्कळदा खालची ओळ लिहून तिच्यावर केवळ आकडे मांडीत, आणि मधली सारी स्वरसंगती ऑर्गन वाजविणारा त्यावरून उभी करी. गुरुविद्यालयात असताना मला हे प्रथम उमगले. तेव्हापासून कोणतेही गीत ऐकताना माझा कान आधी तळाशी जातो. ही सवय काही केल्या सुटत नाही, पवित्र मिस्सा चालू असतानासुद्धा!

गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना अक्षरांबरोबर स्वरलिपी शिकविली जाई. शिकविणारा 'मेस्त' गावचा वाद्यवृंदही चालवी. सणाच्या मिस्सेला व्हायोलिने, क्लॅरिनेट आणि त्यांच्या बुडाशी रबेकांव असा तो संच असे. शेतीवर पोट भरेना, तेव्हा हीच विद्या घेऊन गोवेकर तरुण ब्रिटिश हिंदुस्थानात उतरले. लष्करी बँड, संस्थानिकांचे दरबारी बँड, मूकपटांच्या पडद्यापुढील वादकमेळे, जहाजे, हॉटेले अशी त्यांची पांगापांग झाली. मुंबईत धोबी तलाव परिसरातील आपापल्या गावच्या 'कुडां'त ते वळकटी टाकीत. तारा, वेत, स्वरलिपीची पुस्तके घ्यावयास फुर्टाडोंचे दुकान तेथेच होते.

चर्चच्या दारात मात्र वाद्यांच्या बाबतीत सावधगिरी होती. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियेच्या सणाच्या दिवशी, पवित्र संगीताविषयी जी आज्ञा प्रसृत केली तिने मंदिरात पियानो आणि ढोल-झांजांसारखी गलबल्याची वाद्ये वर्ज्य ठरविली. वाद्यमेळ्यांनाही मंदिरात बंदी झाली. बाहेरच्या मिरवणुकीत बँडला परवानगी होती, पण त्याने ऐहिक चाली वाजवू नयेत अशी अट होती. ऑर्गनखेरीज इतर वाद्ये बिशपांच्या विशेष संमतीने, मर्यादेत. ही आज्ञा आज कठोर वाटते खरी, परंतु त्या काळी युरोपातील चर्चमध्ये नाटकगृहातील संगीत किती शिरले होते हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे कारण समजते. परिणाम एवढाच की आपला वादक दुभंगला. सकाळी चर्चमध्ये तो स्तोत्र गाई आणि रात्री नृत्यगृहात वाद्य वाजवी. पोटाची भाकर रात्रीच्या कामावर मिळे.

रात्रीचे ते जग १९३० नंतर झपाट्याने पालटले. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा जॅझ वृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला आणि आमच्या गोवेकर मंडळींनी कान टवकारले. जॅझमध्ये पूर्वी तळाचा स्वर ट्यूबा हे फुंकीचे पितळी वाद्य धरीत असे. त्याची जागा डबल बासने घेतली आणि त्यावरील बोटे प्रत्येक मात्रेला एकेक पाऊल टाकू लागली. हळदोण्याचे आन्तोनियो शाव्हियेर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवून विख्यात झाले. पुणतांब्यात जन्मलेले आपले सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटासाठी त्यांना हाताशी धरले. दौंड-मनमाड मार्गावरील एका गावचा मराठी संगीतकार आणि बार्देशातील एक ख्रिस्ती वादक यांच्या त्या मेळाने सारा देश नाचविला. सेबास्टियन डिसोझा यांनी हिंदी गीतांना स्वरसंगतीचा पाया दिला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात भारतीय रागांवर रचलेले वृंदसंगीत सादर केले, लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्यात गायक होते. पुढे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'तील गाण्याद्वारे १९७७ साली गुरूचे नाव घरोघर पोहोचविले. ते नाव खऱ्या माणसाचे आहे हे मात्र गाणे गुणगुणणाऱ्या किती जणांना ठाऊक होते, कोण जाणे.

एवढी नावे तरी आपणास सांगता येतात. पण त्या ध्वनिमुद्रणात भिंतीशी उभे राहून रबेकांव वाजविणारे कोण होते? ग्रामोफोनच्या तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावे छापली जात, वादकांची नाहीत. ट्रम्पेटवाला दोन ओळी एकटा वाजवून जाई, म्हणून त्याची थोडी तरी कीर्ती होई. तळाचा स्वर धरणाऱ्यास तेवढाही अवसर नव्हता. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांच्या बास गिटारची ओळख रसिकांना झाली ती पुष्कळ पुढे. ए. आर. रहमान यांच्या ध्वनिफितींच्या वेष्टनावर वादकांची नावे दिसू लागली, तेव्हा कीथ पीटर्स हे नाव वाचून मला एखादा नातलग भेटल्यासारखा आनंद झाला होता.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गीतांचा तळ जेम्स जेमरसन यांनी उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजविला. वर्षानुवर्षे त्यांचे नाव कोठे छापले गेले नाही. १९७१ साली मार्विन गे यांच्या तबकडीच्या वेष्टनावर ते प्रथम झळकले. १९८३ मध्ये ते वारले. माझ्या आवडत्या वादकांत बाखच्या शेजारी मी त्यांना बसवितो. गुरुविद्यालयातील आमच्या संगीतशिक्षकांना ही जोडी मुळीच मानवली नसती.

जेऊरचे आमचे काका अर्थात असे नामवंत नव्हते. वडिलांनी गोव्याहून आणलेला रबेकांव त्यांना वारशाने मिळाला होता. १९६० नंतरच्या दशकात नाताळ आणि नववर्षाच्या नृत्यांसाठी दौंडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये ते हौसेने वाजवीत. एवढे धूड प्रवासी डब्यात कसे शिरावे? ओळखीचा गार्ड ते आपल्या ब्रेकव्हॅनमध्ये, टपालाच्या थैल्यांशेजारी, आडवे निजवी. रात्रभर वाजवून पहाटेच्या पॅसेंजरने परत, आणि उतरताच पाळीवर हजर. उन्हाळ्यात सोलापूरची कोरडी हवा हा मोठा वैरी. पारा चाळिशीपार गेला की लाकूड आकसते, जोड सुटतात. म्हणून ते वाद्याशेजारी पाण्याने भरलेले मडके ठेवीत आणि त्याच्या तोंडाला ओले फडके बांधीत. ''घरातल्या लेकरांआधी त्याला पाणी,'' असे त्यांच्या पत्नी थोड्या रागानेच सांगत. एका मे महिन्यात ते सहकुटुंब लग्नाला गेले असता मडके कोरडे पडले आणि परत आल्यावर वाद्याची पाठ वरपासून खालपर्यंत उकललेली आढळली. दुरुस्त करणारा जवळपास कोणी नव्हता.

एव्हाना काळही बदलला होता. १९५१ साली लिओ फेंडर यांनी अमेरिकेत विजेची बास गिटार बाजारात आणली होती. ती गिटारसारखी गळ्यात अडकविता येई आणि तिच्या मानेवर पट्ट्या असल्याने स्वर चुकण्याची भीती कमी. भारतात मात्र आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी वाद्य सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. त्याच सुमारास चर्चचे दारही उघडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ऑर्गनचा मान कायम ठेवून, पवित्र उपयोगास योग्य अशी इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारण्यास मुभा दिली. मराठीतून मिस्सा सुरू झाली, नवी गीते आली, तबला-पेटी आली आणि तरुणांबरोबर गिटारही आली.

मी बास गिटार शिकलो तो गुरुविद्यालयात, १९९० नंतरच्या वर्षांत. आमची गिटार कोलकात्यात बनलेली होती. तिच्या तारा मानेपासून इतक्या उंच की पहिला महिनाभर बोटांना फोड. नव्या तारा महाग, म्हणून जुन्या तारा काढून उकळत्या पाण्यात दहा मिनिटे टाकाव्यात, तेलमळ निघून त्या पुन्हा खणखणतात, ही युक्ती कोणीतरी सांगितली. त्यासाठी घेतलेले पातेले आमटीचे होते, हे आचाऱ्याच्या लक्षात आल्यावर आमचा वृंद काही दिवस स्वयंपाकघरास पारखा झाला. सभेसाठीच्या ध्वनिवर्धकाचा भोंगा जोडून पाहिला, तर बास जणू वाजतच नव्हती. भोंग्यातून माणसाचे बोलणे दूरवर जाते, खालचा स्वर निघतच नाही. शेवटी प्लायवुडची पेटी ठोकून तीत पंधरा इंची स्पीकर बसविला. तेव्हा दुसरेच कोडे उभे राहिले. वेदीपाशी काही ऐकू येईना आणि मागच्या कोपऱ्यातील बाक थरथरू लागले. पुढे कळले की त्या खालच्या स्वराची एक लाट जवळपास सत्तावीस फुटांची असते. भिंतींवरून परतताना ती कोठे दुणावते, कोठे स्वतःलाच पुसून टाकते.

हे ज्ञान असूनही माझ्या हातून एक चूक घडली, ती येथे सांगितली पाहिजे. धर्मगुरू झाल्यावर एका धर्मग्रामात गायनवृंदात बास वाजविणारा एक मुलगा होता. खिडक्यांची तावदाने वाजतात अशी काही वडीलधाऱ्यांची तक्रार आली. त्याच सुमारास कोणा दात्याने इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड दिला. डाव्या हाताने एक-दोन कळा दाबल्या की ताल, स्वरसंगती आणि बास सारे आपोआप. मी त्या मुलास म्हणालो, ''आता तुझी तशी आवश्यकता राहिली नाही, तू गाण्यात उभा राहा.'' पेटी दोन हात सरकवून पाहावी, एवढेही मला सुचले नाही. तो एक रविवार गाण्यात उभा राहिला. पुढच्या रविवारी आला नाही, आणि नंतर मिस्सेलाही मागच्या दाराशी दिसू लागला.

हा प्रसंग मी जेऊरच्या काकांना सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ''फादर, यंत्राच्या बासला गाणाऱ्याचा श्वास कळत नाही. म्हातारी माणसं ओळीच्या शेवटी दमतात. आम्ही तिथे थोडं थांबायचो. कुणाला कळायचं नाही.''

काका गेले त्याला आता काही वर्षे झाली. दफनविधीची नोंद मीच केली. नोंदवहीत नाव, वय, पित्याचे नाव, मृत्यूचे कारण, दफनाची तारीख असे रकाने आहेत. स्नानसंस्काराच्या आणि विवाहाच्या वहीतही ते असेच रकान्यांपुरते असणार. त्यांनी आयुष्यभर काय वाजविले, ते लिहावयास कोठेही जागा नव्हती. घोडी त्यांच्या पत्नीने मला देऊ केली. मी ती घेतली नाही, त्यांच्या फळीवरच राहू दिली.

प्रत्येक धर्मग्रामात एक रोजनिशीही असते. बिशपांची भेट, दृढीकरण, छपराची दुरुस्ती, सणाची वर्गणी असे तीत लिहिले जाते. त्या वर्षीच्या नाताळची नोंद करताना मी प्रथमच गायनवृंदातील प्रत्येकाचे नाव आणि त्याचे वाद्य लिहिले. पेटी, तबला, गिटार यांपुढे नावे आली. बास हा शब्दही लिहिला. त्यापुढील जागा कोरी राहिली. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाचा फोन क्रमांक शोधावयास लागलो. तो आता मुलगा राहिलेला नाही, पुण्यास नोकरी करतो आणि त्याला दोन लेकरे आहेत, असे त्याच्या आईकडून कळले.