गर्भातील मूत्रअवरोध : ‘प्लूटो’ चाचणीने काय शिकवले?

गर्भातील बाळाच्या मूत्राशयातून मूत्र बाहेर पडण्याचा मार्ग बंद असणे, हा दुर्मिळ पण गंभीर जन्मदोष आहे. दर दहा हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन बाळांमध्ये तो आढळतो. मुलग्यांच्या मूत्रमार्गात तयार होणारे पातळ पडदे हे त्याचे प्रमुख कारण होय.

गर्भारपणाच्या सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलाचा बहुतांश भाग बाळाच्या मूत्राचाच असतो. मार्ग बंद झाल्यास मूत्राशय फुगते, साचलेल्या मूत्रामुळे मूत्रपिंडांची घडण बिघडते आणि गर्भजल घटल्याने फुफ्फुसांची वाढ खुंटते. त्यामुळे काही बालके जन्मतःच श्वास घेऊ न शकल्याने दगावतात. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे डायलिसिस वा मूत्रपिंड प्रत्यारोपणाची गरज भासते.

सोनोग्राफीमुळे हा दोष प्रसूतीपूर्वी कळू लागला आणि १९८०च्या दशकात गर्भावरच उपचार करण्याचे प्रयत्न सुरू झाले. सोनोग्राफीच्या साह्याने मातेच्या पोटातून सुई घालून बाळाच्या मूत्राशयात बारीक नळी बसवायची आणि तुंबलेले मूत्र गर्भजलात सोडायचे, अशी ही पद्धत. ती अनेक ठिकाणी वापरली गेली, मात्र तिचा खरोखर उपयोग होतो का, याचा भक्कम पुरावा नव्हता.

तो मिळवण्यासाठी ब्रिटनमधील संशोधकांच्या पुढाकाराने २००६ मध्ये ‘प्लूटो’ ही चाचणी सुरू झाली. नळी बसवायची की केवळ देखरेख ठेवायची, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरणार होते. १५० गर्भवतींचे उद्दिष्ट असताना प्रत्यक्षात ३१ जणीच सहभागी झाल्या. रुग्ण मुळातच मोजके. त्यातच अनेकदा मातेचे किंवा डॉक्टरांचे मत आधीच ठरलेले असे. अखेर चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली.

‘लॅन्सेट’मध्ये २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नळी बसवण्याच्या गटातील १६ पैकी ८, तर देखरेखीच्या गटातील १५ पैकी ४ बालके जन्मानंतर २८ दिवस जगली. फरक आशादायक दिसत असला, तरी इतक्या लहान संख्येत तो योगायोगानेही पडू शकतो. दुसरीकडे, नळी बसवण्यातील गुंतागुंतीमुळे चार गर्भ गमवावे लागले. मूत्रपिंडांचे कार्य सुरळीत राहून दोन वर्षांचा टप्पा गाठणारी बालके अवघी दोनच होती.

नळीमुळे जीव वाचण्याची शक्यता वाढू शकते; मूत्रपिंडे वाचतीलच असे नाही. सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या मातापित्यांना ही दुहेरी वस्तुस्थिती स्पष्ट शब्दांत सांगणे, हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य ठरते. अपुऱ्या राहिलेल्या या चाचणीने निदान तेवढे तरी निश्चितपणे दाखवून दिले.