हुरडा आणि पाव्हणे

होटगीच्या शिवारात वसंत पंचांग बघून येत नाही. माघ लागला की दिवसा पाठीला ऊन चटके देतं, रात्री मात्र घोंगडं लागतंच. हरभऱ्याचे घाटे भरतात, करडईची बोंडं वाळून काटेरी होतात, ज्वारीचं ताट खालून पिवळं पडत वर चढतं. थंडीपुरते मध्य आशियातून आलेले करकोचे तळ्याकाठी परतीच्या तयारीत असतात. शेतावर माणसांची ये-जा वाढते तीही याच दिवसांत.

आमची जमीन काळी, खोल. पावसाळ्यात ती मोकळी ठेवायची, पाणी मुरू द्यायचं आणि भाद्रपद-आश्विनात त्या ओलीवर ज्वारी पेरायची. पुढं पाऊस नाही आला तरी पीक तगतं. यातली नावाजलेली मालदांडी. तिच्यातून निवडलेलं ३५-१ हे वाण इथून जवळच मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात तयार झालं आणि दक्षिणेत दूरवर पसरलं. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

दाणा दुधातून चिकात आला की हुरडा. बांधाजवळ खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं भाजायची आणि तळहातावर चोळून दाणे पुढं करायचे. सोबत शेंगाची चटणी, गूळ, दही. रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक जायची, कुणाला मराठीत "या की", कुणाला कन्नडमधून "बर्री, बर्री". मग काढणी. शाळू मुळासकट उपटायचा, हाताला फोड येईपर्यंत. शेणानं सारवलेल्या खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची. वाऱ्यावर उपणून रास पडली की घरी पोतं जायच्या आधी सुतार, लोहार, कुंभार आपापला वाटा नेत. "हुरडा इकायचा नसतो रं," आज्जी म्हणायची.

त्या बोलण्यामागं भूक होती. सोलापूरपर्यंत रेल्वे १८६० साली आली, १८७१ पर्यंत ती रायचूरला पोचली. पण १८७६-७७ चा दुष्काळ पडला तेव्हा दक्षिणेला विजापूरकडच्या गावांना रूळच नव्हते. धान्य असलं तरी पोचवायचं कशानं? त्यानंतर दुष्काळी मुलखासाठी म्हणून सदर्न मराठा रेल्वेनं होटगी-गदग मार्ग घातला. १८८४ साली तो सुरू झाला आणि आमचं गाव जंक्शन झालं. म्हणजे होटगीच्या फलाटाचं मूळ दुष्काळात आहे. पुढं १९७२ च्या दुष्काळात ज्वारीच्या या मुलखानं परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली, खडी फोडली. रास घरात येईल याचा भरवसा नसलेल्या माणसानं पहिलं कणीस दुसऱ्याच्या हातावर ठेवायचं, ही आमची रीत. आज त्याच्या आगटीवर आपण, उद्या आपल्या आगटीवर तो.

आता खळी गेली, मळणीयंत्रं आली. पाणी असेल तिथं ऊस आला. ज्वारी मागं पडली ती नुसत्या भावानं नाही. उपटायला माणूसच मिळेना. अशात धाकट्या भावानं विहिरीजवळ दोन खोल्या बांधल्या. २०२० साली राज्यानं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच्या आधीपासून बारामतीकडं लोक हे करत होतेच. आता सुट्टीच्या दिवशी सोलापूरहून, पुण्याहून कुटुंबं येतात, मुक्काम करतात, पोरं पहाटे दुर्बिणीतून तळं बघतात. हुरड्याचे माणशी पैसे ठरलेले.

पहिल्या वर्षी आई त्या आगटीजवळ फिरकली नाही. "जेवायला घालून पैसं घ्यायचं व्हय?" भाऊ म्हणाला, "मग ऊस लावू का? काढायला माणूस दाव." दोघांचंही खरं होतं. हुरड्यासाठी कणसं कोवळी खुडली की उपटायचा त्रास उरत नाही, हिरवं ताट जनावरांना होतं आणि रोख हातात येते. त्या पैशामुळंच आमच्या काळ्या रानात ज्वारी टिकली. पण कोवळेपणी खाल्लेली ज्वारी राशीला येत नाही. कणगी रिकामी राहते आणि भाकरीचं पीठ दुकानातून येतं. पीक राहिलं, पण वर्षाचं धान्य गेलं.

शेवटी आईनंच तोड काढली. तळ्याकडचा पट्टा हुरड्याला द्यायचा नाही. तो पिकेपर्यंत उभा राहतो, फाल्गुनात घरची सगळी मिळून उपटतात. मागच्या वर्षी मुक्कामाला आलेल्या दोन बाया हौसेनं उपटायला उतरल्या. दहा ताटांत हात सोलले, तरी दुपारपर्यंत हटल्या नाहीत. निघताना आईनं त्यांना शेर-शेर ज्वारी बांधून दिली. भाऊ हिशेबाची वही घेऊन उभा होता. "हे लिहू नको," आई म्हणाली, "ह्यो त्यांचा वाटा हाय."