लंगड्या गाईचा हिशेब

आनंदवनाची सुरुवात कशी झाली, असं वरोऱ्यात कोणालाही विचारा, तो एका दमात सांगेल: बाबा आमटे, साधनाताई, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि 14 रुपये. साल 1951. माझी सगळी नोकरी याच तालुक्यात ढोरांच्या दवाखान्यात गेली. त्यामुळे ही यादी ऐकताना माझं मन गाईपाशी थांबतं. भाषणात ती येते ती किती दारिद्र्यात सुरुवात झाली हे दाखवायला. माझं म्हणणं असं की तिची नोंद कामकऱ्यांत व्हायला हवी.

सरकारने दिलेली जमीन 50 एकर, पण कशी? दगड, झुडपं, साप-विंचू आणि पाण्याचा पत्ता नाही. पहिलं मोठं काम विहीर खणण्याचं. अशा जागी गाय म्हणजे काय, हे ज्याने कोठा सांभाळला आहे त्याला सांगावं लागत नाही. लंगडी गाय कळपाबरोबर लांब चरायला जाऊ शकत नाही, बाजारात तिला भाव येत नाही. पाय ठणकत असेल तर दूधही थोडं घटतं. पण दारात बांधून चारा दिला तर ती दूध देते, वासरू देते आणि शेण तर रोजच देते. खडकाळ माळावर पहिली माती शेणखतानेच होते. गोऱ्हा झाला तर तीन-साडेतीन वर्षांनी तोच वखराला जुंपता येतो. हातात 14 रुपये असलेल्या माणसाजवळ याहून मोठं भांडवल कोणतं असणार?

वरोऱ्याला जनावरांच्या कष्टाचा इतिहास जुना आहे, पण तो कुठे पाटीवर लिहिलेला दिसत नाही. पाटीवर कोळसा आणि रेल्वे असते. सरकारने 1871 मध्ये इथे कोळशाची खाण सुरू केली, ती 1906 मध्ये बंद पडली. त्या कोळशासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला आणि वरोरा कापसाची बाजारपेठ झालं, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. आता विचार करा, कारखान्यापर्यंत कापूस कोण आणत होतं? रेल्वे स्टेशनापासून पुढे निघायची. गावापासून स्टेशनापर्यंतचा रस्ता बैलांचा होता.

माझे आजोबा हंगामात बंडी हाकत. त्यांच्या सांगण्यातून मला तो काळ माहीत आहे. रात्री जेवून निघायचं, बंड्यांची रांग लावायची, पहिल्या बंडीला सगळ्यात जाणती जोडी. मागचे गाडीवान कापसावर झोपले तरी चालायचं, कारण बैलांना वाट ठाऊक. परतताना तर पुढचाही झोपायचा. जोडी नाला ओलांडून, गावाचं आखर गाठून, बरोबर आपल्या कोठ्यासमोर उभी राही. आजी कंदील घेऊन बाहेर यायची ती घुंगरांच्या आवाजाने. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी 1916 मध्ये जर्मनीत वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची शाळा निघाली, असं मी नंतर कधीतरी वाचलं. तेव्हा मला आजोबांची जोडी आठवली. तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण झोपलेल्या माणसाला सुखरूप घरी आणण्याचं काम तीही करतच होती.

आमच्याकडची चांगली जोडी म्हणजे गवळाऊ. पांढरी, सडपातळ, लांब तोंडाची, चालायला वाऱ्यासारखी. वर्धा-नागपूरकडची ही जात. मराठ्यांच्या फौजेचं सामान झपाट्याने हलवण्यासाठी ती जोपासली गेली, असं मानतात. खडीच्या रस्त्यावर तिचे खूर झिजत, म्हणून नालबंद लागे. घोड्याचा खूर एकसंध, त्याला एक नाल. बैलाचा खूर दुभंगलेला, त्याला दोन पत्र्या, म्हणजे एका बैलाला आठ. बैल दोरांनी आडवा पाडून, पाय बांधून हे काम चाले. मी नोकरीला लागलो तेव्हा बाजाराच्या दिवशी नालबंदाभोवती गर्दी असायची.

जुवाखाली खांदा सुजणं हा बैलाचा धंद्यातला आजार. सूज पिकली की बैल महिनाभर बसला आणि पेरणीच्या दिवसांत महिना गेला म्हणजे वर्ष गेलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकायची रीत विदर्भात घरोघर आहे, ती मला म्हणूनच फार शहाणपणाची वाटते. गरम पाण्याने खांदा शेकायचा, तूप-हळद चोळायची, मग उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. देवाधर्माचा भाग बाजूला ठेवला तरी तो चक्क उपचार आहे. पोळ्याच्या दिवशी जू चढत नाही, म्हणजे सुटीही आहे. वर्षातून एकदाच का होईना, मालकाला बैलाच्या खांद्यावर हात फिरवावा लागतो आणि तिथली गाठ वेळेत हाताला लागते.

बुळकांडीची साथ आली की मात्र शेकून काही होत नसे. म्हातारी माणसं तिचं नाव दबक्या आवाजात घेत. कोठाच्या कोठा रिकामा व्हायचा आणि शेतकरी दुसऱ्याच्या घरी सालगडी होऊन राहायचा. लशीने ती आटोक्यात आली आणि 2011 मध्ये ती जगातून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. माझ्या खात्यातल्या असंख्य अनाम माणसांनी गावोगाव सायकलवर लस नेली, त्याचं मला मोल वाटतं.

आता कुष्ठरोगाकडे येतो, कारण वरोऱ्यात ही गोष्ट त्याच्याशिवाय पुरी होत नाही. तालुक्यातल्या एका खेड्यात हा रोग झालेला एक शेतकरी होता. गावाने त्याला शिवेबाहेर झोपडी दिली होती. त्याचा बैल बघायला मी जात असे. या रोगात नसा बधिर होतात, बोटं वाकतात. कासऱ्याने तळहात सोलला तरी कळत नाही, जखम चिघळते. बोटं जातात ती बऱ्याचदा अशा न कळलेल्या जखमांनीच. हे त्याला कोणी डॉक्टराने समजावलं होतं. म्हणून त्याने कासरा हातात धरणंच सोडलं. दोन्ही कासऱ्यांची टोकं बांधून तो खांद्यावरून मागे टाकी आणि तोंडाने बोलून जोडी हाकी. धुऱ्यावर आलं की बैल आपणहून थांबत, त्याच्या हाकेवर वळत आणि नवं तास धरत. तुतारी त्याच्याकडे नव्हतीच. तो मला म्हणाला होता, “साहेब, हे दोघं माह्या हाताकडं पाहात नाहीत, आवाजाकडं पाहातेत.”

त्या दोन बैलांनी त्याला भीक मागण्यापासून वाचवलं. मी हे जपून लिहितो आहे. जनावर माणसापेक्षा थोर असतं, असं मला सुचवायचं नाही. बैलाला रोगाची भीती नव्हती एवढंच. पण माणसांच्या भीतीने ज्याचं सगळं हिरावलं, त्याला एवढ्याने शेत कसता आलं.

ही भीती आनंदवनानेही सोसली. रोग्यांच्या कष्टाने भाजी पिकू लागली, दूध निघू लागलं, पण वरोऱ्याच्या बाजारात ते घ्यायला कोणी तयार नव्हतं. कुष्ठरोग दुधातून पसरत नाही, पण धसका होता तो दूध काढणाऱ्या हाताचा. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात बांधकामाला आले, तिथेच राहिले, तिथलंच अन्न जेवले. ते पाहून गावाची भीड हळूहळू चेपली. माझ्या गावाच्या इतिहासातलं हे पान मला बोचतं, पण ते वगळून आनंदवनाचं कौतुक करणं मला खोटं वाटतं. गाईने तिचं काम पहिल्या दिवसापासून केलं होतं. उशीर आमच्याकडून झाला.

आमच्या जंगलातल्या एका कामकऱ्याची नोंद मात्र सरकारदरबारी नीट आहे. गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. आलापल्लीच्या रानातले सागाचे ओंडके ओढायला या भागात हत्ती ठेवलेले. ट्रक पोचत नाही अशा उतारावरून ते लाकूड काढत. त्यांना नावं आहेत, माहूत आहेत, खुराक ठरलेला आहे. दर थंडीत त्यांना काही दिवस रजा मिळते आणि जडीबुटी उकळून केलेल्या लेपाने त्यांचे पाय शेकले जातात. त्याला चोपिंग म्हणतात. आमच्या खांद शेकणीची ही थोरली बहीणच. आता ओंडक्यांचं काम राहिलेलं नाही. तरी हे हत्ती गुजरातेत हलवायची गोष्ट निघाली, तेव्हा गडचिरोलीचे लोक विरोधाला उभे राहिले. मला त्याचा अभिमान वाटतो.

बैलांच्या वाट्याला असं दप्तर आलं नाही. आता आमच्या खेड्यांत ट्रॅक्टर आहे, कोठे मोडून मोटरसायकली उभ्या आहेत, नालबंद दिसत नाही. ट्रॅक्टर आल्याचं मला दुःख नाही. जनावराच्या आणि सालगड्याच्याही पाठीवरचं ओझं त्याने उतरवलं. पण वरोऱ्याचा कापूस ज्यांनी ओढला त्या जोड्यांची नावं आता फक्त काही म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. माझ्या आजोबांच्या जोडीचं नाव राजा आणि मोत्या. तुमच्या घरात कोणाचं शिक्षण, कोणाचं लग्न, कोणाचं औषधपाणी ज्या बैलांच्या, ज्या गाईच्या जोरावर झालं, त्यांची नावं घरच्या वडीलधाऱ्यांना या पोळ्याच्या आत विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.