ग्रंथ आधी की मेळावा? : मराठी विज्ञानकथेच्या प्रसाराचा इतिहास



ग्रंथ लिहावा लेखकाने आणि तो वाचकांपर्यंत न्यावा प्रकाशकाने, अशी आपल्याकडील रूढ समजूत आहे. आपल्या पुस्तकाविषयी आपणच बोलणे म्हणजे स्वतःची टिमकी वाजविणे, हा संकोच मराठी लेखकाच्या अंगी मुरलेला आहे. विज्ञानकथेच्या इतिहासाकडे पाहिले असता मात्र या समजुतीचा फेरविचार करावा लागतो.

अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली जात. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांस लिहू लागले, गावोगावी मंडळे निघाली, आणि जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन भरले. उपस्थिती सुमारे दोनशे. पुढे अशा संमेलनांत लेखकाने नव्या ग्रंथातील उतारा वाचावा, चर्चेत बसावे, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, स्वाक्षऱ्या द्याव्यात, आणि शेजारच्या दालनात ग्रंथविक्री व्हावी, अशी प्रथाच पडली. १९५३ पासून तेथे ह्यूगो पुरस्कारही दिले जाऊ लागले. १९३९ साली विज्ञानकथा प्रामुख्याने मासिकांतच नांदत होती, हे येथे ध्यानात घ्यावे. पुढे चाहत्यांनीच प्रकाशनसंस्था काढल्या. १९४८ साली स्थापन झालेली नोम प्रेस ही त्यांपैकीच एक. आयझॅक असिमोव्ह यांचे 'फाउंडेशन' १९५१ साली ग्रंथरूपाने तिनेच प्रसिद्ध केले. म्हणजे मेळावा आधी जमला, ग्रंथ मागाहून आला.

मराठीत काय घडले? ग्रंथकारांनी एकत्र यावे, हा विचार आपणांस परका नाही. न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले, ते १८७८ साली. विज्ञानकथेचे बीजही जुने आहे. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचा मराठी अवतार १९०० साली 'केरळ कोकिळ' मासिकात प्रसिद्ध होऊ लागला. हे मासिक १८८६ साली सुरू झाले, ते कोचीन येथे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपण मंडळींनी याची विशेष नोंद घ्यावी. तथापि या बीजाला सामूहिक आधार मिळाला तो मराठी विज्ञान परिषदेच्या स्थापनेनंतर, म्हणजे १९६६ नंतर. परिषदेची वार्षिक अधिवेशने आणि तिची विज्ञानकथा स्पर्धा यांनी लेखक व वाचक यांना भेटण्याचे ठिकाण दिले.

डॉ. जयंत नारळीकर यांची कथा याच स्पर्धेतून पुढे आली. अहमदाबाद येथील एका परिषदेत रटाळ व्याख्यान ऐकत असताना त्यांनी कथा लिहावयास घेतली. १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने स्पर्धेस पाठविली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट क्रमाने योजिली होती. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत मंगलाताईंनी करून दिली. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या प्रवाहाचे स्वागत केले. 'यक्षांची देणगी' हा संग्रह निघाला १९७९ साली. येथेही क्रम तोच दिसतो : आधी स्पर्धा, मग संमेलनाचे व्यासपीठ, आणि शेवटी ग्रंथ.

दोन्हींत भेदही आहे. अमेरिकन लेखक आपले नाव पुढे करून वाचकांसमोर उभा राहिला, तर नारळीकरांनी कीर्ती बाजूस ठेवून कथेलाच पुढे पाठविले. हा विनय थोर खरा. पण तो कथेला फळला, कारण तिची वाट पाहणारी संस्था आधीच उभी होती. जेथे अशी संस्था नाही तेथे लेखकाचा विनय ग्रंथाला कपाटातच कोंडून ठेवतो. शिवाय आपली अधिवेशने विज्ञानाची आणि संमेलने साहित्याची, त्यामुळे विज्ञानकथा दोन्ही मांडवांत बहुधा पाहुणीच राहिली. नाशिकच्या २०२१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना लाभले, तेव्हा या पाहुणीला यजमानपणाचा मान मिळाला, असे म्हणता येईल. २० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले. त्यांनी दाखविलेली वाट चालती ठेवणे आता आपल्या हाती आहे.

हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे. बमरोली, पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांत पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबे राहतात. घरात मराठी बोलली जाते, परंतु नवा मराठी ग्रंथ त्या घरापर्यंत आपोआप चालत येत नाही. तो यावयाचा तर त्याची वाट पाहणारे दहा वाचक आधी एकत्र बसले पाहिजेत. न्यूयॉर्कला दोनशे जमले होते, आपल्याला शाळेचा एक वर्ग पुरेल. वर्षातून एक दिवस लेखकास बोलवावे, त्याने कथा वाचावी, मुलांनी 'असे खरोखर घडेल का?' म्हणून त्याला निःसंकोच अडवावे, आणि बाहेरच्या टेबलावर ग्रंथ विक्रीस असावेत. यात लेखकाला लाज वाटण्याचे कारण नाही. ग्रंथाचा प्रसार म्हणजे वाचकांचा मेळा जमविणे, आणि हे काम शाळेइतके दुसऱ्या कोणाला साधणार?