‘मुर्योताइसू’ म्हणजे नक्की किती? आधी आवृत्तीचं साल बघा

जपानीत सगळ्यात मोठ्या संख्येचं नाव काय, असं शोधलंत तर उत्तर लगेच मिळतं : ‘मुर्योताइसू’, म्हणजे एकावर ६८ शून्यं. आजच्या जपानीपुरतं ते बरोबरही आहे. पण तुमच्यासमोर सतराव्या शतकातलं पुस्तक असेल, तर हाच शब्द एकावर ८८ शून्यं असू शकतो. तब्बल वीस शून्यांचा फरक!

आधी तिथली मोजायची रीत बघा. आपण हजारानंतर दोन-दोन घरं पुढे जातो : लाख, कोटी. जपानी माणूस चार-चार घरं जातो. दहा हजार म्हणजे एक ‘मान’. दहा हजार मान म्हणजे एक ‘ओकु’, आपले दहा कोटी. दहा हजार ओकु म्हणजे एक ‘चो’, आपले लाख कोटी. पुढे ‘केई’ वगैरे.

ही नावं जपानभर रुजवली ती ‘जिनकोकी’ या पुस्तकानं. योशिदा मित्सुयोशीनं ते १६२७ मध्ये काढलं. सोरोबान, म्हणजे मण्यांच्या पाटीवरचे हिशेब शिकवणारं, चित्रांनी भरलेलं पुस्तक. त्यातलं उंदरांचं गणित तर प्रसिद्धच आहे. जानेवारीत एका जोडीला बारा पिल्लं होतात. मग दर महिन्याला प्रत्येक जोडीला बारा. वर्षाअखेर उंदीर किती? २७६ ओकु ८२५७ मान ४४०२. (आपल्या भाषेत २,७६८ कोटी २५ लाख ७४ हजार ४०२. करून बघा, दोन गुणिले सातचा बारावा घात.)

यादीच्या शेवटाकडची नावं मात्र तुम्हाला ओळखीची वाटतील. ‘गोगाशा’ म्हणजे गंगेची वाळू. ‘आसोगी’ म्हणजे असंख्येय, ‘नायुता’ म्हणजे नयुत. ‘फुकाशिगी’ हे ‘अचिंत्य’चं भाषांतर. बौद्ध ग्रंथांबरोबर हे शब्द चीनमध्ये गेले आणि १२९९ मधल्या झू शिजेच्या गणिताच्या पुस्तकात संख्यांची नावं म्हणून आले. ग्रंथांत ‘मोजता येणार नाही इतकं’ सांगणाऱ्या शब्दांना गणितज्ञांनी ठरावीक शून्यं चिकटवली, हे मला फार गमतीचं वाटतं.

घोळ इथेच आहे. ‘जिनकोकी’ इतकं खपलं की त्याच्या चोरट्या नकला निघाल्या, आणि योशिदा स्वतःही पुस्तक पुन्हापुन्हा सुधारत राहिला. १६३१ च्या आवृत्तीत ‘गोकु’पर्यंत (४८ शून्यं) चार-चार घरं आहेत, त्यापुढे मात्र आठ-आठ. म्हणून शेवटी ८८. १६३४ च्या आवृत्तीत सगळीकडे चार-चार, म्हणून ६८. आज तीच चालते.

उदाहरण सोडवून खात्री करू म्हणाल, तर उंदीर इथे उपयोगाचे नाहीत. ओकुपर्यंत दोन्ही आवृत्त्या सारख्याच. तेव्हा कुठल्या आवृत्तीतून यादी घेतली, ते तुमच्या टिपेत असायलाच हवं. नुसतं ‘जिनकोकीनुसार’ लिहिलंत, तर वाचणाऱ्याला दोन्हीपैकी काहीही धरता येईल.

आणि हे जपानपुरतं आहे असं समजू नका. ‘लीलावती’त अर्बुद म्हणजे दहा कोटी, हिंदीतला अरब म्हणजे शंभर कोटी. ‘लीलावती’तल्या खर्वावर दहा शून्यं, हिंदीतल्या खरबवर अकरा.