वसईचा विजय आणि लांकडाची मूठ

वसईच्या किल्ल्यांत जाणारा प्रवासी प्रथम तट पाहतो, मग ढासळलेलीं प्रार्थनामंदिरें पाहतो, आणि चिमाजी अप्पांच्या तलवारीचें स्मरण करून परततो. हें स्वाभाविकच आहे. परंतु इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत वसई पडली ती केवळ तलवारीनें नव्हे. सेबास्टियन बुरुजाखालीं सुरुंग खणले गेले, दारूनें तट उडाला, आणि मग तलवारीस वाट मिळाली. सुरुंग खणला कुदळीनें. कुदळ चालली लांकडी दांड्याच्या बळावर. त्या दांड्याचा इतिहास कोणी लिहीत नाहीं, म्हणून येथें त्याचा थोडा विचार करावयाचा आहे.

आपल्याकडील तलवारीची मूठ बहुधा लोखंडाची असे; पात्याचें निमुळतें शेपूट तींत लाखेनें पक्कें बसवीत. लांकडाचें खरें राज्य कोयता, विळा, खुरपें, सुरी व कुऱ्हाड यांवर. त्यांतही दांडा निराळा व मूठ निराळी. कुऱ्हाडीच्या दांड्यास सरळ तंतूचें व लवचिक लांकूड हवें; त्याकरितां धामण नांवाजलेली. जेथें तंतु वांकडे जातात तेथें लांब दांडा घावासरशीं मोडतो. उलट, फांदी फुटण्याच्या बेचक्यांत, गांठींत किंवा मुळापाशीं तंतु एकमेकांत गुंतलेले असतात. तेथील लांकूड दांड्यास निरुपयोगी, पण आंखूड मुठीस उत्तम. शिसवाचा असा तुकडा घासून तेल पाजलें कीं जांभळट काळ्या रेषा पाण्यावरील लहरींप्रमाणें उमटतात. सुतार आधीं वाकसानें तासतो, मग कानशीनें घासतो, आणि वापरणाऱ्याचा हात पुन्हां पुन्हां मागून माप जुळवितो. मूठ फुटूं नये म्हणून तोंडाशीं धातूची शेंबी चढवितात.

या लांकडाची कीर्ति जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथांत, भडोचेहून इराणी आखाताकडे चंदन, सागाच्या तुळया, तसेंच ‘सासम’ व आबनूस यांचे ओंडके जात, असें म्हटलें आहे. हें सासम म्हणजे आपलें शिसवच, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. त्याच ग्रंथांत सुप्पारा, म्हणजे आजचें नालासोपारें, या बंदराचाही उल्लेख आहे. पोर्तुगीजांस वसई मिळाली इ. स. १५३४ मध्यें, त्यांच्या काळीं तिचें नांव जहाजबांधणीसाठीं गाजलें. मोठें लांकूड असें जहाजांस गेलें. मुठीस मिळे तो उरलासुरला तुकडा, आणि सौंदर्य नेमकें त्यांतच असे.

पुढें इंग्रजी अंमलांत तो तुकडाही दुर्मिळ झाला. इ. स. १८७८ च्या कायद्यानें राखीव जंगलें वाढलीं. साग व शिसव हीं तर सरकारनें विशेषेंकरून आपल्याकडे राखलीं. भातशेतीच्या राबासाठीं डहाळ्या आणि अवजारांसाठीं लांकूड ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या रानांतून आणलें, तेच आतां गुन्हेगार ठरूं लागले. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं कीं इ. स. १८८५ मध्यें मुंबई सरकारला त्यांच्या चौकशीस मंडळ नेमावें लागलें. वसई तेव्हां ठाणें जिल्ह्यांतच होती. रान राखणें अवश्य होतें, हें कोणी सुज्ञ नाकारणार नाहीं. पण जहाजांस व आगगाडीच्या रुळांस लांकूड पुरविणाऱ्या सरकारनें कोयत्याच्या मुठीचा हिशेब मागावा, यांत न्याय कोठें होता? आज शिसवाच्या समग्र वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर इ. स. २०१७ पासून निर्बंध आहेत. ते योग्यच आहेत. मात्र झाड दुर्मिळ झालें तें मुठी करणाऱ्यांमुळें, असें कोणी समजूं नये.

माझ्या एका वसईकर स्नेह्याच्या घरीं आजोबांचा कोयता आहे. पातें तीनदां बदललें. मूठ तीच, शिसवाची. अंगठ्याच्या जागीं ती खोल झिजली आहे. मीं ती हातीं धरून पाहिली. माझा अंगठा त्या खळग्यांत बसेना. वसईच्या विजयाची घंटा मेणवलीस आजही टांगलेली आहे आणि लोक ती आदरानें पाहतात. सुरुंग खणणाऱ्यांचे दांडे मात्र मातींत गेले, आणि त्यांबरोबर तीं नांवेंही. ज्यांच्या घरीं अशी एखादी झिजलेली मूठ अजून असेल, त्यांनीं ती टाकून देण्यापूर्वीं कोणाच्या हाताची, कोणत्या झाडाची व कोणी घडविली एवढें तरी घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावें.